नायगाराला जायचं, पण विमानातून उतरायचं कुठं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. कोथरूडचं कुटुंब आहे, नवरा-बायको आणि सत्तरी ओलांडलेले आई-वडील. मे महिन्याच्या शेवटी अमेरिकेला निघालेत. बहीण न्यू जर्सीत एडिसनला राहते. वडिलांचे गुडघे दुखतात, म्हणून यांनी ठरवलं की आधी पुण्याहून परस्पर नायगारा गाठायचा, तिथं दोन दिवस राहायचं आणि मग बहिणीकडे जाऊन निवांत व्हायचं. नकाशावर धबधब्यापासून दहा-पंधरा मिनिटांवर 'नायगारा फॉल्स इंटरनॅशनल एअरपोर्ट' दिसतोय. पण पुण्यापासून तिथपर्यंतचं तिकीट कुठल्याच साइटवर धड मिळत नाही, आणि एजंट म्हणतो, "बफलोला उतरा." तर एजंट आपल्या सोयीचं तिकीट गळ्यात मारतोय का, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात तिकिटं काढून देण्याचं आणि सहली आखून देण्याचं काम करते, म्हणजे तुमच्या एजंटच्याच जातकुळीतली आहे. तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा. तरी सांगते, या बाबतीत त्याचं बरोबर आहे. फक्त त्यानं कारण सांगितलं नाही, आणि कारण कळलं असतं तर तुमचा प्रश्नच बदलला असता.

आधी त्या विमानतळाबद्दल. तो खरा आहे, चालू आहे आणि धबधब्यापासून दहाएक किलोमीटरवरच आहे. धावपट्टी जवळजवळ तीन किलोमीटर लांब, म्हणजे आपल्या लोहगावपेक्षा लांब. २००९ मध्ये नवी टर्मिनल इमारत झाली. कस्टम्स आहे, परदेशातून आलेलं विमान तिथं उतरू शकतं, म्हणून नावात 'इंटरनॅशनल'. पण उतरू शकतं म्हणजे रोज उतरतं असं नाही. त्या पाटीवरून वेळापत्रकाचा अंदाज बांधायला गेलं की फसगत होते.

एवढी लांब धावपट्टी एवढ्याशा गावाला कशाला, असं वाटेल. पुणेकरांना हे चटकन समजेल, कारण लोहगावही मुळात हवाई दलाचं आणि प्रवासी विमानं तिथं पाहुणी. नायगाराच्या विमानतळालाही अमेरिकी हवाई दलाच्या राखीव तुकडीचा तळ लागून आहे. हवेतल्या हवेत दुसऱ्या विमानात इंधन भरणारी केसी-१३५ ही अवाढव्य विमानं तिथून उडतात. दुसऱ्या महायुद्धात शेजारीच बेल कंपनीचा मोठा कारखाना होता. एअराकोब्रा ही लढाऊ विमानं तिथं तयार झाली, आणि १९४७ मध्ये ज्यानं आवाजाचा वेग ओलांडला ते बेल एक्स-१ही याच कंपनीनं याच भागात बांधलं. तेव्हा धावपट्टीची लांबी पर्यटकांच्या गर्दीवरून ठरलेली नाही.

मग प्रवासी विमानं कुठली? इथंच खरी गोम आहे. या विमानतळावरून मुख्यतः स्वस्त तिकिटांच्या कंपन्या उडत आल्या आहेत. अलिजंट ही त्यातली ठळक. स्पिरिटही काही वर्षं इथून उडाली. जातात कुठं, तर फ्लोरिडाला, नाहीतर मर्टल बीचसारख्या समुद्रकिनाऱ्याच्या गावांना. त्यात बसतात बफलो-नायगारा भागातले लोक आणि पुलापलीकडून गाडी घेऊन आलेले कॅनडावासी. कॅनडातल्या विमानतळांवरचे कर आणि शुल्कं जास्त, म्हणून हॅमिल्टन, सेंट कॅथरिन्सकडची मंडळी सीमा ओलांडतात, इथं गाडी लावतात आणि स्वस्तात उन्हात जाऊन पडतात. म्हणजे धबधब्याच्या नावाचा हा विमानतळ धबधबा बघायला येणाऱ्यांपेक्षा धबधब्याशेजारी राहून थंडीला कंटाळलेल्यांच्या जास्त कामाचा आहे. त्याचं तोंड दक्षिणेकडे आहे, तुमच्याकडे नाही.

तुम्हाला साइटवर तिकीट का मिळेना, तेही यातूनच कळतं. अलिजंट आपली तिकिटं मुख्यतः स्वतःच्याच साइटवर विकते. दुसऱ्या कंपनीबरोबर एकत्र तिकीट नाही, सामान परस्पर पुढं पाठवायची सोय नाही, आणि विमानं रोज नाहीत, आठवड्यातले ठरावीक दिवसच. तुमच्या सर्च इंजिनला 'पुणे ते नायगारा फॉल्स' असं सांगितलं तर ते बिचारं करणार काय? एकतर काहीच दाखवणार नाही, नाहीतर तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटसारखं काहीतरी जुळवून दाखवेल: न्यूयॉर्कला उतरा, तिथून फ्लोरिडाला जा, तिथं सामान घ्या, दुसऱ्या विमानतळावर जा आणि मग वर नायगाराला या. न्यूयॉर्क शहर आणि नायगारा एकाच राज्यात आहेत. तुम्ही पुण्याहून नाशिकला बेंगळुरूमार्गे निघाला होतात!

आता बफलो. त्या विमानतळाचं पूर्ण नाव 'बफलो नायगारा इंटरनॅशनल' असं आहे, आणि कोड आहे बीयूएफ. नायगाराचा कोड आयएजी. दोन्ही विमानतळ एकाच सरकारी संस्थेकडे आहेत, नायगारा फ्रंटिअर ट्रान्सपोर्टेशन अथॉरिटीकडे. रोजची, मोठ्या शहरांना जोडणारी विमानं बफलोला, आणि सुट्टीची स्वस्त विमानं नायगाराला, अशी वाटणी झालेली आहे. बफलोला जेटब्लू, डेल्टा, युनायटेड, अमेरिकन, साउथवेस्ट असे सगळे येतात. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून हवेतला वेळ साधारण दीड तास. बफलो विमानतळ ते धबधबा ३५ ते ४० किलोमीटर, गाडीनं अर्धा-पाऊण तास. भाड्याची गाडी मिळते, उबर-लिफ्ट चालतात.

तेव्हा 'नायगारा की बफलो' या प्रश्नाचं उत्तर बफलो. एजंटचं काम इथं संपलं. माझं संपत नाही, कारण तुमचा खरा प्रश्न विमानतळाचा नाहीच. बाबांचे गुडघे हा खरा प्रश्न आहे. जवळचा विमानतळ मिळाला की त्यांचे हाल वाचतील असं तुम्ही धरून चाललात, आणि तिथं माझं तुमच्याशी पटत नाही.

बाबांना नेमकं कुठं चालावं लागणार आहे ते बघा. बफलोपासून हॉटेलपर्यंतचे ४० किलोमीटर ते गाडीत बसून जाणार, त्याचा गुडघ्याला काडीचा त्रास नाही. त्रास आहे न्यूयॉर्कला. अमेरिकेत तुम्ही पहिल्यांदा जिथं उतरता तिथंच इमिग्रेशन आणि कस्टम्स होतं, पुढं कुठंही जायचं असलं तरी. सोळा तास पाय दुमडून बसलेला माणूस आधी लांबलचक कॉरिडॉर चालतो, मग रांगेत उभा राहतो. मग सगळ्या बॅगा पट्ट्यावरून उतरवून घ्यायच्या. एकच तिकीट असेल तर कस्टम्सच्या बाहेर बॅगा परत देण्याचा काउंटर असतो, तिथं सोडायच्या. वेगवेगळी तिकिटं असतील तर त्या ढकलत दुसऱ्या कंपनीच्या काउंटरपर्यंत न्यायच्या, कदाचित दुसऱ्या टर्मिनलला. केनेडीला टर्मिनल बदलायला एअरट्रेन आहे, त्या गाडीला पैसे पडत नाहीत, पण गाडीपर्यंत जाणं, लिफ्ट शोधणं, पुन्हा सिक्युरिटी, हे सगळं आहेच. एअर इंडिया केनेडीला चार नंबरच्या टर्मिनलला येते. डेल्टाही तिथंच आहे. जेटब्लू पाच नंबरला. एवढीशी माहिती, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाचे दोन तास आणि बरीच चिडचिड यात वाचू शकते.

म्हणून माझा सल्ला असा की उतरल्या दिवशी नायगाराच्या वाटेला जाऊच नका. आधी एडिसनला बहिणीकडे जा. दोन-तीन दिवस झोप जुळू दे, पायांची सूज उतरू दे. मग लहान बॅगा घेऊन नायगारा करा. परतीचं तिकीट न्यूयॉर्कहूनच आहे, बहीणही तिथंच आहे, मग मोठ्या बॅगा घेऊन बफलोपर्यंत मिरवायचं कशाला? शिवाय देशांतर्गत विमानात बॅगांचे पैसे वेगळे लागतात, आणि वेगळं तिकीट काढलंत तर आंतरराष्ट्रीय तिकिटावरची दोन-दोन बॅगांची सवलत तिथं लागू होत नाही. चार माणसांच्या आठ बॅगा! त्यातही पुण्याच्या बॅगा म्हणजे भाजणी, मेतकूट, बाकरवडी आणि लेकीसाठी केलेलं लोणचं. (तेवढ्यावरून आठवलं: कस्टम्सवाल्यानं खायचं काही आहे का विचारलं तर 'हो' म्हणा आणि दाखवा. बाकरवडीला कुणी हात लावत नाही. हापूस मात्र घरीच संपवून निघा, ताजी फळं काढून घेतात.)

तरीही परस्पर बफलोलाच जायचं असेल, बहिणीला सुट्टी नाही वगैरे काही कारण असेल, तर एकच अट पाळा. पुणे किंवा मुंबईपासून बफलोपर्यंत सगळं एकाच तिकिटावर काढा. पहिल्या विमानाला उशीर झाला आणि पुढचं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी राहते. वेगळ्या तिकिटांत ती तुमची. आणि न्यूयॉर्कला किमान चार तास मधे ठेवा. साइट दोन तासांचंही कनेक्शन दाखवते, कारण नियमात ते बसतं. रांगेत उभ्या म्हाताऱ्या माणसाला ते बसत नाही.

व्हीलचेअरबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, यावरून बाबांना ती नको असणार, हे मी ओळखलं. आपल्याकडच्या बहुतेक वडीलधाऱ्यांना नको असते. "मी काय आजारी आहे का?" हे वाक्य माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसून पुष्कळांनी ऐकवलंय. त्यांना एवढंच सांगा की व्हीलचेअरची नोंद तीन प्रकारची असते. पायऱ्या चढता येतात, फक्त लांब चालवत नाही, असं असेल तर डब्ल्यूसीएचआर. पायऱ्या जमत नसतील तर डब्ल्यूसीएचएस. जागेवरून उठताच येत नसेल तर डब्ल्यूसीएचसी. बाबांसाठी पहिली. म्हणजे विमानाच्या दारापर्यंत आणि दारापासून खुर्ची, आत ते आपल्या पायांनी चालत जाणार. ही नोंद तिकिटात आधी करून घ्यायची, काउंटरवर गेल्यावर नाही, आणि जाण्या-येण्याच्या प्रत्येक टप्प्यावर आहे ना ते तपासायचं. एका टप्प्याला आहे आणि दुसऱ्याला नाही, हे सर्रास होतं. खुर्ची ढकलणारा माणूस इमिग्रेशनच्या वेगळ्या रांगेतून नेतो, बहुतेक वेळा बरोबरच्या एखाद्या माणसालाही सोडतात. त्याला निघताना काही डॉलर हातावर ठेवायची तिकडे पद्धत आहे, सुट्टे खिशात असू द्या.

इथपर्यंत तुमच्या प्रश्नातलं जे पक्कं सांगता येतं ते झालं: नायगाराचा विमानतळ विसरा, विमानानं जायचं तर बफलो, पण उतरल्या दिवशी नको. पुढचं मात्र तुमच्यावर अवलंबून आहे.

एडिसनहून नायगाराला गाडीनंही जातात. तिथली बहुतेक मराठी मंडळी गाडीनंच जातात. साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, न थांबता साडेसहा-सात तास, थांबत गेलात तर नऊ. विमानाचा हिशेब दारापासून दारापर्यंत मांडा: नेवार्क विमानतळापर्यंतचा वेळ, दोन तास आधी पोचणं, दीड तास हवेत, उतरून गाडी ताब्यात घेणं, पुढचा पाऊण तास. पाच-साडेपाच तास होतातच. म्हणजे वाचले किती? दीड-दोन तास. त्यासाठी चौघांची तिकिटं आणि वर भाड्याची गाडी. बहिणीची गाडी आणि मेव्हणे दोन्ही हाताशी असतील तर मी विमान काढणार नाही. गाडीत बाबांना पाय लांब करता येतात, दर दीड तासानं थांबवता येतं, आणि मधे कॉर्निंगला मुक्काम टाकला तर काचेचं फार सुंदर संग्रहालय आहे, तिथं आईंचा अर्धा दिवस मजेत जाईल. जवळच वॉटकिन्स ग्लेनची घळ आहे, पण तिथं पायऱ्याच पायऱ्या. बाबांना ती वर उभं राहून दाखवा, खाली नेऊ नका.

मेव्हण्यांना वेळ नसेल आणि तुम्ही स्वतः गाडी चालवणार असाल, तर पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. न्यूयॉर्क राज्याच्या थ्रूवेवर, म्हणजे तिथल्या टोलच्या महामार्गावर, रोख घेत नाहीत. नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि भाड्याच्या गाडीची कंपनी टोल अधिक आपलं शुल्क लावून नंतर कार्डातून कापते. गाडी घेतानाच टोलचं काय ते विचारून घ्या. मात्र विमानाचा शीण उतरायच्या आत उलट्या बाजूनं सात तास गाडी चालवायचं धाडस करू नका. अशा वेळी नेवार्क ते बफलो विमान आणि पुढं फक्त चाळीस किलोमीटर गाडी, हे जास्त शहाणपणाचं. इथं बफलोचं तिकीट खरंच पैसे वसूल करतं.

तिसरा मार्ग फारसं कुणी सुचवत नाही, पण गुडघेवाल्यांसाठी मला तो आवडतो. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून अ‍ॅमट्रॅक या रेल्वे कंपनीची गाडी थेट नायगारा फॉल्स गावात जाते. नऊ तासांच्या आसपास लागतात, आणि उशीरही होतो, हे आधीच सांगते. पण जागा ऐसपैस, उठून डब्यात फिरता येतं, सिक्युरिटीचा ससेमिरा नाही. न्यूयॉर्कहून निघताना डाव्या हाताच्या खिडक्या पकडा, पहिले दोन-अडीच तास हडसन नदी अगदी रुळांना लागून चालते. स्टेशन धबधब्यापासून तीनेक किलोमीटरवर आहे. तुमच्या वडिलांना रेल्वेची आवड असेल तर त्यांना हा प्रवास धबधब्याइतकाच आवडायची शक्यता आहे. घाई असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका.

गाडी, रेल्वे, विमान काहीही असो, पासपोर्ट बरोबर हवेतच. देशातल्या देशात जातोय म्हणून ते बहिणीच्या कपाटात ठेवून निघालेली मंडळी मी पाहिली आहेत. नायगारा ऐन सीमेवर आहे, तिथं कागद विचारले जाऊ शकतात.

आता कॅनडाचं. 'खरा नायगारा कॅनडाच्या बाजूनंच दिसतो' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय, आणि टोरंटोला उतरावं का हाही तुमचा उपप्रश्न आहे. सांगणाऱ्याचं निम्मं खरं आहे. तिन्ही धबधबे, म्हणजे अमेरिकन, ब्रायडल व्हेल आणि मोठा हॉर्सशू, एका नजरेत समोर दिसतात ते कॅनडातून. अमेरिकेच्या बाजूला तुम्ही धबधब्याच्या खांद्यावर उभे असता. गोट आयलंडवर टेरापिन पॉइंट म्हणून जागा आहे. कठड्याला हात टेकला की हिरवंगार जाड पाणी तुमच्या शेजारून, अगदी हातभर अंतरावरून वळतं आणि खाली जातं. चष्मा दर मिनिटाला पुसावा लागतो. मला विचाराल तर दोन्हीत हीच जागा सरस. पण हे मत झालं.

कॅनडाला जायचं तर भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो, अमेरिकेचा व्हिसा असला तरी. तो वेळेत हातात असेल तर रेनबो ब्रिजवरून चालतही पलीकडे जाता येतं. अमेरिकेचा व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना ते बघा. आपल्या पर्यटक व्हिसात तो सहसा असतोच. भाड्याची गाडी पलीकडे न्यायला कंपनीची परवानगी लागते. निव्वळ नायगारासाठी टोरंटोला उतरणं तुमच्या बाबतीत मला पटत नाही: तिथून धबधबा सव्वाशे किलोमीटर, वाटेत टोरंटोची वाहतूक, आणि तुमचं सगळं गोत न्यू जर्सीत. टोरंटोत कुणी नातेवाईक असते तर हेच उत्तर उलटं दिलं असतं. आणि मे अखेरच्या प्रवासासाठी कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज अजून केला नसेल, तर त्यावर हॉटेलचं बुकिंग टाकून बसू नका.

धबधब्यावर पोचल्यावर काय, हेही थोडं सांगते, कारण गुडघ्यांचा उरलेला हिशेब तिथं आहे. अमेरिकेच्या बाजूचं नायगारा स्टेट पार्क १८८५ चं, अमेरिकेतलं सर्वांत जुनं राज्य उद्यान. आत ट्रॉली फिरते, चढता-उतरता येतं, चालणं निम्म्यानं कमी होतं. मेड ऑफ द मिस्ट या बोटीसाठी खाली लिफ्टनं जातात, २०२० पासून त्या बोटी विजेवर चालतात, धूर नाही. बाबांनी बोट नक्की करावी. निळा रेनकोट मिळतो, तो घालूनही भिजायला होतंच. धबधब्याच्या पायथ्याशी नेणाऱ्या 'केव्ह ऑफ द विंड्स'ला मात्र लाकडी, ओले जिने आहेत. तिथं तुम्ही दोघं जा. आई-बाबांना वर बाकावर बसवा. बोटी वसंतात सुरू होतात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतात, तेव्हा तुमच्या तारखांना अडचण नाही. फक्त मेमधल्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी असते, तो शनिवार-रविवार टाळा. हॉटेलं महाग आणि बोटीची रांग भली मोठी.

आणि दिवसा बघा, रात्रीच्या दिव्यांवर भागवू नका. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात १९५० चा करार आहे. नदीचं बरंच पाणी वरच्या वर वीजनिर्मितीला वळवतात. १ एप्रिल ते १५ सप्टेंबरपर्यंत सकाळी ८ ते रात्री १० धबधब्यावरून सेकंदाला किमान १ लाख घनफूट पाणी सोडायचं, पुढं ऑक्टोबर अखेरपर्यंत रात्री ८ पर्यंत, आणि एरवी ५० हजार घनफूट पुरे. म्हणजे पहाटे उठून एकांतात धबधबा बघायला गेलात तर निम्म्या पाण्याचा दिसू शकतो. आठनंतर या.

जेवणाची काळजी आई करत असतील तर नको. अमेरिकेच्या बाजूला उद्यानाच्या आसपास भारतीय जेवण इतक्या ठिकाणी मिळतं की मराठी माणसाला ओळखीचं वाटावं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक पुरवणी. मी 'जवळचा विमानतळ विसरा' म्हणाले ते नायगारापुरतं. झिम्बाब्वेतल्या व्हिक्टोरिया फॉल्सला उलटं आहे. तिथला विमानतळ पर्यटकांसाठीच वाढवला, २०१६ मध्ये नवी आंतरराष्ट्रीय इमारत आणि चार किलोमीटरची धावपट्टी झाली, आणि मुंबईहून अदिस अबाबामार्गे किंवा जोहान्सबर्गमार्गे तिथं एकाच तिकिटावर उतरता येतं. तिथं लांब कुठं उतरून रस्त्यानं जाणं हा शुद्ध वेडेपणा. ब्राझीलच्या इग्वासूचंही तसंच, विमानतळ राष्ट्रीय उद्यानाच्या रस्त्यावरच आहे. त्यामुळे धबधब्याच्या नावाचा विमानतळ दिसला की आधी त्याचं वेळापत्रक उघडून एवढंच बघायचं: इथं रोज विमानं येतात कुठून? तुम्ही ज्या मोठ्या शहरात उतरणार आहात तिथून येत असतील तर तो तुमचा. नसतील तर तो दुसऱ्या कुणाचा.

हिवाळ्यात जाणाऱ्यांनी बफलोचाही फेरविचार करावा. ईरी सरोवरावरून येणारा बर्फ तिथं धो धो पडतो. डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात बफलोचा विमानतळ काही दिवस बंदच होता. थंडीत जायचंच असेल तर परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी किमान दोन दिवस न्यूयॉर्कला परत या. तुम्हाला मे-जूनमध्ये ही भीती नाही, फार तर एखादी वादळी दुपार.

आता तुमच्या एजंटकडे जाल तेव्हा त्याला दोन गोष्टी विचारा. मुंबई ते न्यूयॉर्क आणि परत, एवढंच तिकीट बफलोशिवाय केवढ्याला पडतं? आणि चारही जणांच्या नोंदीत बाबांची व्हीलचेअर प्रत्येक टप्प्यावर पडली आहे का, त्याची छापील प्रत मिळेल का? बफलोचं तिकीट लागलंच तर बहिणीकडे पोचल्यावर, हवामान आणि बाबांची तब्येत बघून, आठवडाभर आधीही काढता येईल. थोडं महाग पडेल, पण तोवर मेव्हण्यांच्या रजेचंही कळलेलं असेल. मेव्हणे गाडी चालवणार की नाही एवढं कळवा, म्हणजे कॉर्निंगला मुक्काम धरून दिवसांची मांडणी इथंच लिहून देते.